फळ्यांखालचं वजन

मेव्हिसनं अंडं तव्यात फोडलं, आणि ते डावीकडे पळालं.

तिनं उलथन्यानं ते मधे ओढलं. ते पुन्हा गेलं, तव्याच्या काठाला टेकलं आणि तिथंच शिजायला लागलं. एका बाजूला जाडजूड, दुसऱ्या बाजूला कागदासारखं पातळ. तिनं गॅस बंद केला. तव्यात काही खोट नव्हती, गॅसही जागच्या जागी होता. वाकडी झाली होती ती बोट.

हेडलीनं हे एका नजरेत सांगितलं असतं. तीस वर्षं तो रोज सकाळी बायकोच्या खांद्यावरून तव्यात डोकवायचा, बेकनची चरबी कुठल्या बाजूला साचतेय ते पाहायचा आणि एक शब्द न बोलता बाहेर जायचा. अंडं मधोमध गोल बसलं म्हणजे बोट सरळ, ही त्याची मोजपट्टी. कालव्यावरचे बाकीचे लोक त्यासाठी काचेच्या नळीतला बुडबुडा बघायचे आणि त्याला हसायचे. पण मूरहेनवरचं अंडं कधी पळालं नव्हतं. पाणकोंबडीचं नाव मिरवणारी ही तीस फुटी बोट मुळातच गुणी आहे, असं मेव्हिस समजून चालली होती.

आता हेडली नव्हता. म्हणजे होता, पण स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात. ऑक्टोबरात एका दुपारी तो मागं सुकाणूचा दांडा धरून उभा होता आणि ती पुढच्या लॉकचे, म्हणजे बोट खालच्या-वरच्या पाण्यात नेणाऱ्या हौदाचे, दरवाजे उघडायला काठाच्या पायवाटेनं चालली होती. मूरहेन सावकाश वळली आणि लव्हाळ्यात शिरून थांबली. "झोपलास का रे?" असं ती काठावरून ओरडली होती. ते वाक्य ती पुढं सगळा हिवाळा स्वतःला ऐकवत राहिली. अर्धांगाच्या त्या झटक्यानं हेडलीची उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. हल्ली तो काठी टेकत थोडं चालायला लागला होता, पण तोंडातून निघायचं ते एकच, "होहो." चहा हवा असला तरी होहो, दुखलं तरी होहो.

त्याला आता घरी सोडणार होते. प्रश्न होता तो कुठल्या घरी. हेडलीची बहीण उना हिचं स्टॅफर्डात बैठं घर होतं. जिना नाही, दारं रुंद, न्हाणीघरात बसायला खुर्ची. ती दोघांनाही मनापासून बोलावत होती. उना वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. तिनं हॉस्पिटलात भावाला त्या खोलीचं वर्णन करून सांगितलं, तेव्हा त्यानं नीट ऐकून घेतलं, होहो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मेव्हिसनं ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी हेडलीची करवत बाहेर काढली.

येत्या गुरुवारी हॉस्पिटलातली रोवेना बोट बघायला येणार होती. पेशंटला हातपाय पुन्हा वापरायला शिकवायचं आणि तो घरी नीट राहू शकेल का ते घर बघून सांगायचं, हे तिचं काम. ती हो म्हणाली तर हेडली बोटीवर. नाही म्हणाली तर उनाकडे, आणि मूरहेन विकायला.

सगळा हिवाळा मेव्हिस आपल्या परीनं त्या गुरुवारची तयारी करत होती. आधी तिला बोट हाकायला शिकावं लागलं, कारण टाकीतलं पाणी संपलं की नळ बोटीकडे येत नाही, बोटच नळाकडे न्यावी लागते. या कालव्यावर जोडप्यांची वाटणी ठरलेली. नवरा दांडा धरणार आणि बायको लॉकचे दरवाजे ढकलून ढकलून कंबर मोडून घेणार. तिनं तीस वर्षांत दांड्याला हात लावला नव्हता. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते हे तिला पाठ होतं. पण ती लगेच वळत नाही, आपण आशा सोडल्यावर वळते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं काठाचे दगड, एक झोपलेला मासेमार आणि एक पूल यांना सारखाच प्रसाद दिला. मग हळूहळू जमलं. काठाजवळ यायचं असेल तर आधीच वेग कमी करायचा, आणि घाई झाली की काहीच करायचं नाही.

आतलं काम त्याहून अवघड होतं. रोज रात्री फळ्या टाकून आडवा पलंग मांडायची जुनी पद्धत आता चालणार नव्हती, म्हणून उजव्या भिंतीला लागून तिनं कायमचा पलंग केला. हेडलीचा लुळा हात भिंतीकडे राहील आणि चांगला हात मोकळा. तीन उभ्या पायऱ्या काढून पाच बुटक्या पायऱ्या बसवल्या. धरायला लाकडी कठडा केला, तोही दोन्ही भिंतींना, कारण आत जाताना डावा हात ज्या भिंतीला लागतो, बाहेर येताना तो दुसऱ्या भिंतीला लागतो. भिंतीच्या पातळ अस्तरात स्क्रू धरत नाही. मूठ ठोकत ठोकत जायचं, आवाज भरीव आला की मागं पट्टी आहे समजायचं आणि तिथंच स्क्रू मारायचा. हेडली हे करताना तिनं हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा 'बंद कर ती ठकठक' म्हणाली होती.

पलंगाला जागा हवी म्हणून उजवीकडचं ओकचं कपाट कालच तिनं इंच इंच सरकवत डावीकडे नेलं. आणि आज अंडं पळालं.

दुपारी बार्नीची कोळशाची बोट आली. बार्नी कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या विकत फिरायचा, आणि वाटेत सगळ्यांच्या बातम्याही पोचवायचा, त्या मात्र फुकट. शरीरानं हेडलीसारखाच, दारातून आत यायचं तर तिरपं व्हावं लागे असा. त्यानं लांबूनच हाक दिली.

"मेव्हिसबाई, तुझी पाणकोंबडी लंगडतेय."

"लंगडत नाहीये. वाकून बघतेय, कोण ओरडतंय ते."

त्यानं दोर खुंटीला टाकला, आत येऊन डावीकडचं कपाट बघितलं आणि मान हलवली. तिनं विचारलं, उजवीकडच्या छतावर कोळशाची दोन पोती ठेवली तर? बार्नी म्हणाला, वर वजन चढवलंस तर बोट सरळ दिसेल, पण कुणी आत पाऊल टाकलं की डुलेल. आणि ज्याचा एक पाय धड नाही त्याला डुलणारी बोट म्हणजे यमाचं आमंत्रण. वजन खालीच हवं. फळ्या उचल आणि बुडाशी काय आहे ते बघ.

मेव्हिसनं पायाखालच्या गालिच्याकडे बघितलं. या बोटीवर आणखी एक वाटणी होती. छतावरच्या कुंड्या, स्वयंपाक आणि खिडक्या तिच्या. इंजीन आणि फळ्यांखालचं सगळं त्याचं. तिनं तिकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि नवरा हॉस्पिटलात असताना त्याच्या राज्यात शिरणं तिला बरं वाटेना. पण गुरुवार काही थांबणार नव्हता. तिनं गालिचा गुंडाळला आणि पहिल्या फळीचे स्क्रू काढायला घेतले.

बोटीच्या बुडाशी निळसर विटांच्या रांगा होत्या, बोट बांधणाऱ्यानं घातलेल्या, शाळेतल्या पोरांसारख्या एका ओळीत. त्या तशा असणारच, एवढं तिलाही माहीत होतं. वजनाशिवाय अशी बोट पाण्यावर टोपलीसारखी गिरक्या घेते. पण उजव्या बाजूला, त्या विटांच्या वर, भलतंच काही होतं. खालीवर सरकणाऱ्या जुन्या खिडकीत दोरीला टांगतात ती दोन लोखंडी वजनं. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. पायवाटेच्या कडेचा अर्धा दगड. जुन्या ओतीव इस्त्र्यांची जोडी. आणि कोपऱ्याला तुटलेली पांढऱ्या संगमरवराची एक लादी. प्रत्येक वस्तू गोणपाटात नीट गुंडाळून, हलू नये म्हणून लाकडी पाचर मारून बसवलेली.

"हे काय भंगार भरलंय?" बार्नी म्हणाला.

मेव्हिसनं लादीवरचं गोणपाट बाजूला केलं. ही लादी तिनं पाहिली होती. लीक गावच्या बाजारात, त्या दिवशी तिनं निळ्या फुलांच्या ताटल्यांचा अख्खा सेट घेतला होता. हेडली दुकानासमोर उभा राहून कुरकुरला होता की आणखी एक ताटली आणलीस तर बोट बुडेल, मी पोहत येणार नाही तुझ्या मागं. शेजारच्या दुकानात ही तुटकी लादी होती आणि तिनंच हसत म्हटलं होतं, असला दगड कोण घेणार? संध्याकाळी तो 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून गेला आणि कोट मळवून आला.

मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. आईचं शिलाई मशीन तिनं बोटीवर आणलं त्या उन्हाळ्यात मिडलविचजवळ एक घर पाडत होते आणि हेडलीला अचानक तिकडे फिरायला जायची आवड लागली होती. खिडकीची वजनं तिथलीच असणार. तिची पुस्तकांची फळी, म्हणजे रुळाचा तुकडा. ओतीव लोखंडाचं मोठं पातेलं, म्हणजे इस्त्र्या. तिचा सगळा संसार डावीकडे होता, कारण स्वयंपाक डावीकडे होता, आणि जे जे तिनं आणलं त्या प्रत्येकासाठी त्यानं तोंडानं कटकट केली आणि मागाहून गुपचूप उजवीकडे तेवढंच वजन घातलं. 'नको' असं मात्र एकदाही म्हणाला नाही.

ती फळीच्या कडेला बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. तीस वर्षं तिनं बोटीच्या गुणी स्वभावाचं कौतुक केलं होतं, तेही नवऱ्यासमोर, आणि तो ते ऐकून घ्यायचा.

बार्नीनं टोपी काढून हातात फिरवली.

"माझी बायको सामान आणायची तेव्हा मी नुसताच ओरडायचो," तो म्हणाला. "म्हणून ती आता जमिनीवर राहते."

मग दोघं कामाला लागले. बार्नीच्या बोटीवर जादा विटा होत्या. त्यानं त्या एकेक करून दिल्या, तिनं उजवीकडे रचल्या, आणि अधूनमधून तव्यात थोडी चरबी ओतून बघितली. ती मधे आली तेव्हा तिनं खात्रीसाठी अंडं फोडलं. अंडं मधोमध बसलं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. बार्नीनं टाळी वाजवली आणि ते अंडं स्वतःच खाऊन टाकलं.

मेव्हिस मात्र उजवीकडच्या नव्या पलंगाकडे बघत होती. त्यावर नवी गादी होती, धुतलेली चादर होती, आणि कुणी नव्हतं.

"हेडली तिथं झोपला की?" ती म्हणाली.

बार्नीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. हेडलीसारखा माणूस उजवीकडे आला की बोट उजवीकडे कलणार, आणि तीही त्याच्या लुळ्या पायाच्या बाजूला. दोघांनी बोट सरळ केली होती ती हेडलीला वगळून. त्यानं डोकं खाजवलं आणि सरळ उपाय सांगितला. गुरुवारी ती बाई येऊन जाईपर्यंत विटा राहू देत. तिला सरळ बोट दाखव, हो म्हणवून घे, आणि तो यायच्या आदल्या दिवशी काढून टाक. कुणाला कळतंय?

सल्ला शहाणपणाचा होता, आणि तिचा जीव टांगणीला लागलेला होता. ती त्या विटांकडे बघत राहिली. त्या नेमक्या पलंगाखाली होत्या.

"त्याच्या जागी वीट ठेवू?" ती म्हणाली. "नाही जमायचं मला. उठ, काढ बूट, आणि झोप तिथं."

"मी?"

"मग काय तुझी बोट? त्याच्याएवढा तूच आहेस. झोप."

बार्नी कोळशानं काळ्या झालेल्या कपड्यांनिशी धुतलेल्या चादरीवर जायला तयार होईना, म्हणून तिनं वर्तमानपत्र अंथरलं. तो छातीवर हात ठेवून, छताकडे बघत, मढ्यासारखा पडून राहिला आणि ती एकेक वीट काढून बाहेर पायवाटेवर नेऊन ठेवत गेली. अंडं मधोमध बसलं तेव्हा जवळजवळ सगळ्याच विटा बाहेर होत्या. हेडलीचा भंगाराचा साठा तिनं तसाच ठेवला, पाचरीसुद्धा हलवल्या नाहीत. बार्नी उठला, आणि मूरहेन हळूच डावीकडे कलली.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. हेडली उशांना टेकून बसला होता, पांघरूण गळ्यापर्यंत. तिनं त्याचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी फळ्या उचलल्या."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. त्याचे कान लाल झाले. "होहो," तो म्हणाला.

गुरुवारी रोवेना आली, चिखलाच्या पायवाटेवरून, हातात बॅग सांभाळत. तिशीची, शांत, घाईनं न बोलणारी बाई. तिनं पायऱ्यांची उंची बघितली, कठड्याला लोंबकळून बघितलं, न्हाणीत घातलेली बैठक दाबून बघितली. दोन्ही भिंतींचा कठडा बघून ती थांबली आणि तुम्हाला हे कुणी सुचवलं असं विचारलं. मेव्हिसला वाटलं, होतंय आपलं काम. तेवढ्यात रोवेनानं पेन टेबलावर ठेवलं. ते गडगडत डावीकडे गेलं आणि खाली पडलं.

"मिसेस प्लॅट, जमीन उतरती आहे."

"हो."

"असं चालणार नाही. सपाट जमिनीवरसुद्धा त्यांना तोल सांभाळताना त्रास होतो."

"उतरती आहे, कारण हेडली आत नाहीये," मेव्हिस म्हणाली. "तो आला की सरळ होईल. त्याची जागा ठेवलीये मी."

रोवेनाच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे ऐकायला वेड्या बाईचं बोलणं वाटतंय. समजावत बसण्यापेक्षा तिनं खाली पडलेलं पेन उचललं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि रोवेनाला त्या पलंगावर बसायला सांगितलं. रोवेना बसली. ती किरकोळ अंगाची. पेन गडगडलं, पण सावकाश. मग मेव्हिस तिच्या शेजारी जाऊन बसली, अगदी खांद्याला खांदा लावून, पण तोवर पेन खाली पडलं होतं, ते पुन्हा ठेवायला उठावं लागलं म्हणून ती स्वतःशीच चरफडली. दुसऱ्यांदा तिनं पेन ठेवलं आणि लगेच परत येऊन बसली. पेन टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, बोटीचं डुलणं शांत झालं तसं तेही अडखळलं आणि थांबलं.

दोघी हेडलीच्या पलंगावर बसून त्या पेनाकडे बघत राहिल्या. बाहेर कुणाची तरी बोट सावकाश गेली, मूरहेन थोडी हलली, पेन इकडे तिकडे झालं आणि पुन्हा थांबलं.

"म्हणजे तुमच्या हिशोबानं तुमचे मिस्टर आपल्या दोघींएवढे आहेत," रोवेना म्हणाली.

"बायको म्हणून मीच त्याला तसं पोसलंय."

रोवेना काहीतरी बोलणार होती. तिनं मेव्हिसकडे बघितलं, मग पलंगाकडे, आणि पेन उचलून खिशात ठेवलं. दोन आठवडे बघू, ती म्हणाली. ती मधूनमधून येईल. त्यांना पायऱ्या जमल्या, बोटीवर तोल सांभाळता आला, तर राहू देत. नाहीतर मग बहिणीकडचं बघावं लागेल. मेव्हिसनं तिला चहा दिला.

हेडली आला त्या दिवशी काठावरच्या झाडांना पालवी होती. पुलापर्यंत त्याला गाडीनं आणलं, पुढं बार्नी आणि उना दोन बाजूंनी. त्यानं दोघांनाही हातानं बाजूला केलं. मेव्हिस मुद्दामच आत थांबली होती, कारण तिला बघायचं नव्हतं. तिला ते पावलांतून ऐकायचं होतं. बोटीवर राहणाऱ्याला कोण चढलं हे बघावं लागत नाही. बार्नी चढला की मूरहेन दचकते, उना चढली की नुसती शहारते. हेडलीचं पाऊल तिनं तीस वर्षं झोपेतसुद्धा ओळखलं होतं. बोट एकदाच खोल दबायची, पाहुण्याला नमस्कार केल्यासारखी, आणि वर यायची.

बोट दबली. पण खोल नाही. मेव्हिसला आधी वाटलं, उनाच आली.

दारात हेडली होता. डावा हात कठड्यावर, एक पायरी, मग दुसरी. कोट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. हॉस्पिटलात चेहरा उतरलेला दिसत होता, पण पांघरुणाखालचा माणूस किती उतरलाय ते तिला कळलं नव्हतं. बोटीला पहिल्या पावलात कळलं. तो पाचही पायऱ्या उतरला, मधे उभा राहिला, भिंतीकडे, पलंगाकडे, कठड्याकडे बघितलं आणि मुठीनं एकदा अस्तरावर ठकठक केली. आवाज भरीव आला. "होहो," तो म्हणाला, आणि उना रडायला लागली.

सकाळी मेव्हिसनं बेकन तव्यात टाकलं. हेडली पलंगाच्या कडेला बसला होता, नीट दाढी केलेला, मान वर करून तव्याकडे बघत. तिनं पाठ त्याच्याकडे केली, तव्यावर झाकण ठेवावं असंही तिच्या मनात आलं. मग तिनं अंडं फोडलं.

ते डावीकडे गेलं. फार नाही, पेरभर. काठापर्यंत नाही पोचलं, पण मधोमधही राहिलं नाही. बार्नीच्या वजनावर तिनं जी जागा ठेवली होती, ती या हेडलीला मोठी होत होती.

तिनं वळून बघितलं. त्याला दिसलं होतं. त्यानं डावा हात उचलून फळ्यांकडे दाखवलं, पलंगाच्या खाली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. हॉस्पिटलात सगळे त्याचा शब्द पुरा करायला धावायचे. मेव्हिस उलथनं हातात धरून उभी राहिली.

"वीट," हेडली म्हणाला.

ऑक्टोबरपासूनचा पहिला शब्द. तिला हसू आलं, रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. सबंध हिवाळा शब्द शोधून या माणसाला सापडला तो हा. जिथं जिथं कमी पडलं तिथं तिथं त्यानं आयुष्यभर गुपचूप काहीतरी आणून ठेवलं होतं, आणि आता स्वतःच्या जागीही तो तेच करायला सांगत होता.

"वीट नाही मिळायची," ती म्हणाली. "ती जागा तुझी आहे. तूच भर."

त्यानं तिच्याकडे बघितलं. बाहेर पाण्यावर एक पाणकोंबडी कुणावर तरी ओरडत होती. त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा हळूहळू वर गेला.

तिनं दुसरं अंडं तव्याच्या उजव्या कडेला फोडलं. तेही सावकाश डावीकडे आलं आणि पहिल्याला जाऊन चिकटलं. तिनं दोन्ही मिळून निळ्या फुलांच्या ताटलीत काढली, वरून बेकनची चरबी ओतली, शेजारी ओटचं धिरडं दुमडून ठेवलं आणि काटा त्याच्या डाव्या हातात दिला.